तिसरा थर

बाळाराम,

काल तुझी कयाक काट्यावर ठेवली. आपल्या कंपनीच्या डिस्पॅचमधला मोठा काटा आहे ना, पंपांचे खोके चढवतात तो, त्यावर. तुझ्या भावाला सांगितलं, जरा तपासायची आहे. टेम्पोतून आणली, दोघांनी उतरवली, फडक्याने पुसून कोरडी केली आणि मगच ठेवली. सदतीस किलो चारशे ग्रॅम. मी तीन वेळा वजन घेतलं. तिन्ही वेळा तेवढंच भरलं.

फायबरच्या तीनऐवजी दोन थरांची केली असती तर सव्वीसच्या आसपास भरली असती, असं ती बनवणारा वर्कशॉपवाला म्हणतो. म्हणजे अकरा किलो जास्त. हे अकरा किलो माझे आहेत. तुला जाऊन अजून महिना झालेला नाही, आणि या काळात मी दुसरं काही मोजलेलं नाही.

तू असताना तिचं कधी वजन केलं नाही, हे तुला खोटं वाटेल. मलाही वाटतं. ज्या माणसाने तुझा पहिलाच शाफ्ट पाच शतांश मिलिमीटरसाठी परत पाठवला, त्याने होडी काट्यावर ठेवली नाही. त्या दिवशी तू लेथवरून तरातरा माझ्या तपासणीच्या टेबलाशी आला होतास, हात तेलाने काळे. "मास्तर, येवड्याशानं पंपातला पानी उलटा वाहनार हाय का?" मी म्हटलं, नाही, पण सील गळेल. तू दुसरा शाफ्ट करून आणलास, टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, "घ्या, मोजा. आनि मोजून झाला की चहा पाजा." तेव्हापासून मी सगळ्या शॉपचा मास्तर झालो. अकरा वर्षं झाली त्याला.

कयाकचं खूळ तुझं, हे मात्र मी कबूल करणार नाही. खूळ तुझ्या एकटेपणाचं होतं. घरची मोठी होडी विकल्यापासून तू खाडीवर नुसता उभा राहून यायचास. मोठ्या होडीला तीन माणसं लागतात, आणि तुमच्या घरात आता एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची तिसरी, तिसरा बँकेत. घणसोली गावातल्या निम्म्या घरांची हीच कथा, तूच सांगायचास. "खाडी हाय तिथंच हाय, मास्तर. मानसंच पांगली." मग रबाळ्याच्या त्या फायबरच्या वर्कशॉपमध्ये, जिथे आपण पंपाची कव्हरं बनवून घ्यायचो, तुला कोपऱ्यात उलट्या ठेवलेल्या दोन कयाक दिसल्या. कुठल्याशा तलावातल्या बोटिंगसाठी नमुने केले होते, ऑर्डर पुढे आलीच नाही. तू त्यातल्या एकीवर हात फिरवलास, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा. "एकट्याची होडी," म्हणालास. मला तेव्हाच कळलं की हे आता संपणार नाही.

संपवायला मीच दिलं नाही. तू त्याच आठवड्यात घेऊन मोकळा झाला असतास. मी म्हटलं, पहिलीच कयाक आहे, नीट निवडू. नीट निवडण्यात पाच महिने गेले.

एक साचा लांब आणि अरुंद होता. तेरा फूट, रुंदी चोवीस इंच, वरून बंद, मध्ये बसायला भोक. दुसरा साडेदहा फुटी, एकतीस इंच रुंद, वरून उघडा, पाटावर बसल्यासारखं बसायचं. मी पहिल्याच्या बाजूचा. लांब होडी सरळ जाते, वल्हं कमी मारावं लागतं, आत पाणी येत नाही. तू दुसऱ्याच्या. आणि तुला कारण विचारलं की तू एकच सांगायचास, "पाय बाहेर काढता आलं पायजेत." मी म्हणायचो, पाय कशाला बाहेर काढायचेत? पाण्यात काय चालायचं आहे? तू माझ्याकडे बघायचास, हसायचास आणि विषय सोडून द्यायचास. ते हसणं मी आता पुन्हा पुन्हा बघतो. तेव्हाच तुझा दंड धरून विचारायला हवं होतं, की हसतोस का ते सांग.

त्या उघड्या कयाकला तळातून आरपार भोकं होती, वर आलेलं पाणी खाली निघून जायला. मी तुला ते समजावत होतो. तू खाली वाकून एका भोकातून माझ्याकडे बघितलंस. "म्हंजे होडीला भोकं पाडायची, आनि वर म्हनायचं बुडत नाय. मास्तर, हे तुमच्या सोसायटीच्या टाकीसारखा झाला." आमच्या कोपरखैरण्याच्या इमारतीची टाकी त्या वर्षी दोनदा गळली होती. मला राग यायला हवा होता, पण मी हसलो.

आणि दोन्ही नमुने टेम्पोतून गावच्या तळ्यावर नेले, तो रविवार. तुला वाटलं होतं नुसतं बसून बघायचं. मी दहा-दहा किलोच्या वाळूच्या बारा पिशव्या भरून नेल्या होत्या. तुझं वजन अडुसष्ट, त्यात गळ, डबा, पाणी, मासळी, वर तिसरा हिस्सा जास्तीचा धरायचा. एकेक पिशवी चढवायची आणि काठ पाण्याच्या किती वर उरतो ते पट्टीने मोजायचं. गावच्या बायका कपडे धूत होत्या. त्यांतली एक तुझी चुलती. ती ओरडली, "बाला, मास्तर नवरदेवाचा वजन करतान का होडीचा?" दुसरी म्हणाली, "वाळूलाच मासं मारायला धाडतान गो!" तू तोंड लपवायला पाण्यात उतरलास. मग लांब कयाकमध्ये बसून दाखवतो म्हणालास, बसलास, आणि तिसऱ्या वल्ह्याला उलटा. वर आलास तेव्हा डोक्यावर शेवाळ होतं आणि एक पाय अजून बसायच्या भोकात अडकलेला. सगळा घाट हसत होता. तू मात्र माझ्याकडे बघून म्हणालास, "पाय, मास्तर. सांगत होतो ना? पाय."

उघडी कयाक ठरली. त्या दिवशी तू जिंकलास. मी जिंकू दिलं असंही म्हणता येईल, पण खरं नाही ते. बारा पिशव्या घेऊनही तिचा काठ चार बोटं वर होता. आकडा तुझ्या बाजूचा निघाला म्हणून मी मानलं. तुझा शब्द मी आकड्याशिवाय कधी मानलाच नाही.

आणि म्हणूनच तिसऱ्या थराचं झालं.

फायबरची होडी थर लावून करतात. काचेच्या धाग्यांची चादर, त्यावर चिकट रेझीन, पुन्हा चादर. नमुन्याला दोन थर होते. मी तुमच्या जुन्या धक्क्यावर जाऊन आलो होतो. तिथल्या दगडांना कालवं चिकटलेली, सुरीसारखी. तळाशी पडलेल्या सळया, फुटक्या बाटल्या. मला पोहता येत नाही, तुला माहीत आहे. पाण्यात उभा राहिलो तरी मला गुडघ्याच्या वर भीती वाटते. मला डोळ्यांसमोर एकच दिसायचं, तू खाडीच्या मध्ये आणि तळाला चीर. मी म्हटलं, आपल्या होडीला तीन थर. तू म्हणालास, "हलकी पायजे, मास्तर." मी म्हटलं, पाण्यात वजन कुठे कळतं? पाणीच उचलतं. मी कागदावर काढून दाखवलं, अकरा किलोने होडी पाण्यात किती खाली बसेल. अर्ध्या बोटाएवढीसुद्धा नाही.

आकडा बरोबर होता. आजही बरोबर आहे. फक्त माझ्या कागदावर पाणीच पाणी होतं. लांबी, रुंदी, भार, काठ, भरतीची वेळ, सगळ्याला रकाना होता. चिखलाला नव्हता. अकरा वर्षं तुझ्या गावात येऊन, तुझ्या घरी जिताड्याचं कालवण खाऊन, मला एवढं कळलं नाही की तुमची खाडी दिवसातला अर्धा वेळ पाणी नसतेच. ती मांडीएवढा चिखल असते. तिथे होडीला पाणी उचलत नाही, माणूस ओढतो. पाय बाहेर काढायचे ते त्यासाठी. तुला हे सांगायची गरज वाटली नसेल. जमीन पायाखाली असते हे कोणी कोणाला सांगतं का?

पण तू वाद घातलास ना रे. जेवणाच्या सुट्टीत, सलग तीन दिवस. आणि चौथ्या दिवशी एकदम म्हणालास, "बरा. तुमच्या मनासारखा. मारा तीन." मी डबा बंद केला आणि मला समाधान वाटलं. पटलं म्हणून मानलास, असं मी धरलं. घरी जाऊन आमच्या हिलाही सांगितलं, बाळारामला शेवटी पटलं.

ते शेवटचे पाच-सहा महिने मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही, आणि त्याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत. तूच मला शिकवलंस की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मला आधी पटलं नाही. दोन महिने रोज लिहून ठेवलं, तेव्हा पटलं. तू म्हणालास, "बापानं मना हे एका वाक्यात सांगितलेला. तुमाला दोन महिने लागले." मग रविवारी मी धक्क्यावर बसायचो, तू भरतीला निघायचास, तिवरांच्या वळणामागे जायचास. नारिंगी जॅकेट मी आणलं होतं. ते तू वळणापर्यंत घालायचास आणि वळणामागे काढून पाठीमागे टाकायचास. मला माहीत होतं. तिवरांच्या फटीतून दुरून तुझी उघडी पाठ दिसायची. आणि ओहोटी लागायच्या आधी तू परत यायचास, मी दोर धरायचो, दोघं मिळून होडी वर घ्यायचो. दोघं होतो म्हणून ती मला कधी जड लागली नाही. तुला काय लागत होतं, ते मी विचारलं नाही.

त्या रविवारी मी नव्हतो. आमच्या सोसायटीची सभा होती, त्याच टाकीवरून. आदल्या दिवशी तुला सांगितलं. तू म्हणालास, "जा, टाकी बुजवा. द्वादशी हाय, नऊची भरती, मी अकराला घरी." मी सभेत दुपारपर्यंत बसलो. गळतीचा खर्च वरच्या मजल्याने का द्यावा, यावर मी बोललो. चांगलं बोललो म्हणे.

तू अकराला घरी आला नाहीस. मासळी लागली असेल, अजून अर्धा तास, अजून अर्धा तास, असं झालं असेल. पाणी गेलं. चिखलातले निवट्या मासे पकडायला आलेल्या बायकांनी तुला दोनच्या सुमाराला पाहिलं. दोर खांद्यावरून घेऊन, वाकून, मांडीपर्यंत चिखलात, होडी ओढत येत होतास. एक म्हणाली, मध्ये मध्ये थांबत होता. मग होडीला पाठ टेकून बसला. त्यांना वाटलं दम खातोय. त्यांनी हाकही मारली नाही, कारण खाडीत बाळारामला कशाला हाक मारायची? होडीत दोन जिताडे होते. मोठे होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच खराब असणार, जिना चढतानाही झालं असतं. तुझा भाऊ ते सगळ्यांना सांगतो. मलाही सांगितलं. मी मान हलवली. पण तू जिना चढत नव्हतास, बाळाराम. तू सदतीस किलो चारशे ग्रॅम, अधिक चिखल, अधिक दोन जिताडे, असं ओढत होतास.

मला तुझा रागही येतो. दोर एखाद्या तिवराला बांधून चालत यायला काय झालं होतं? पुढच्या भरतीला ती आपणच तरंगली असती. कोण नेणार होतं तिला? छातीत कळ आली तेव्हा सोडायची होती. मी लिहीत असताना आमच्या हिने दोनदा येऊन सांगितलं, जेवून घ्या. मी तिला विचारलं, जॅकेट त्याला काढता येत होतं ना? तिने माझं ताट झाकून ठेवलं. जॅकेट काढता येतं. थर काढता येत नाही. तुला नको असलेली प्रत्येक गोष्ट तू वळणामागे टाकायचास, ही एक तेवढी टाकता येण्यासारखी नव्हती.

तेराव्याला तुझ्या अंगणात सगळे बसले होते. होडी भिंतीला उभी केलेली. तुझ्या मामाने तिला हात लावून बघितला आणि विचारलं, "येवडी जड होडी कोनी सांगितली होती याला?" कोणी तरी म्हणालं, "बालालाच भारी वस्तू आवडायची." मी तिथेच बसलो होतो, तुझ्या बायकोच्या, सुगंधा वहिनींच्या समोर, हातात चहाचा कप. मी बोललो नाही. अकरा वर्षं लोकांच्या चुका शतांशात काढून दाखवल्या, आणि माझी चूक तुझ्या नावावर चढताना ऐकत राहिलो. कप खाली ठेवून घरी आलो.

त्यानंतर झोप नाही. म्हणून काल वजन केलं. मनाशी म्हटलं, एखाददुसऱ्या किलोचा फरक निघाला तर गप्प बसू. अकरा निघाला.

आज सकाळी वहिनींकडे गेलो. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. म्हटलं, वहिनी, तो तिसरा थर मी लावायला लावला. तो नको म्हणत होता. अकरा किलो जास्त आहे. त्या दिवशी मामांनी विचारलं तेव्हा मी दोष त्याच्यावर पडू दिला.

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "मना माहीत हाय," म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही. मी पुन्हा आकडा सांगितला.

"बसा, भावजी. माहीत हाय म्हटला ना." मग त्यांनी सांगितलं. होडी करायला घ्यायच्या आदल्या संध्याकाळी तो वर्कशॉपवाला तुला म्हणाला होता, मास्तर नाहीत तोवर दोनच थर मारतो, त्यांना कळणारही नाही, तुला ओढायला बरी पडेल. तू घरी येऊन वहिनींना हे हसत सांगितलंस. "मी याना बोल्ले, मग घ्या ना करून दोनची. कशाला मरताव ओढून? तर म्हनतान, नको. मास्तर माज्यासाठी भितात. मी इचारला, मग? तर म्हनतान, गो, या घरात माज्यासाठी भिनारा कोनी उरला नाय. तुमाला सगल्यांना वाटतं बाला खाडीतच जन्मला, त्याला काय होतंय. एक मानूस भितोय, तर भिऊ दे. त्याच्या जिवाला बरा वाटंल."

एवढं सांगून त्या परत तांदूळ निवडायला लागल्या. मी बसून राहिलो. तुला पटलं नव्हतं, बाळाराम. तू एकदाही पटलं म्हणाला नव्हतास. मनासारखा, म्हणालास. मला दोन्ही एकच वाटलं.

माझी भीती तू अंगावर घेतलीस आणि चिखलातून ओढत आणलीस, आणि मी भलत्याच गोष्टीला भीत होतो. पाण्याला. मला एकदा तरी ठणकावून सांगायचं होतंस, की मास्तर, तुम्ही चुकताय. तुझ्या तोंडून मी ते ऐकून घेतलं असतं. असतं का? मला आता खात्री देता येत नाही.

निघताना दारात मी थांबलो. म्हटलं, वहिनी, मला माफ करा. त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. डोळे कोरडे होते.

"आता भिऊ नका, भावजी," त्या म्हणाल्या. "आता आमच्या घरचा कोनी जायाचा नाय खाडीत."

मी हो म्हणालो.